लस केंद्रावर आली, दंडापर्यंत कशी पोचते?

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात साथीच्या काळातल्या लसीकरणाबद्दल प्रश्न मागवले होते. कोविडची लस द्यायला १६ जानेवारी २०२१ रोजी सुरुवात झाली, पण त्या दिवसांतल्या शंका अजून लोकांच्या मनातून गेलेल्या नाहीत. पत्रं बहुतेक ग्रामीण भागातून आली. ‘लस सुरक्षित आहे का’ यापेक्षा ‘त्या दिवशी आमच्या केंद्रावर असं का झालं’ हे विचारणारी पत्रं जास्त होती, म्हणून तीच घेतली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

आईला घेऊन दुपारी साडेतीनला प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. लस शिल्लक असल्याचं तिथल्याच एकाने सांगितलं, तरी आम्हाला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं. शिल्लक लस द्यायला काय हरकत होती?
— शिक्षक, जि. सातारा

शिल्लक होती ती न उघडलेली व्हायल, म्हणजे लसीची बाटली असणार. सरकारी पुरवठ्यातल्या कोविशिल्डच्या एका व्हायलमध्ये ५ मिली लस, म्हणजे अर्ध्या मिलीचे १० डोस. बाळांच्या पेंटाव्हॅलंटसारख्या लसींना ‘ओपन व्हायल पॉलिसी’ लागू असते. अटी पाळल्या तर उघडलेली व्हायल २८ दिवसांपर्यंत वापरता येते. कोविडच्या लसीला मोहिमेत ही सवलत नव्हती. व्हायल उघडली की तिच्यावर तारीख-वेळ लिहायची, चार तासांत संपवायची आणि उरलेली टाकून द्यायची.

साडेतीनला केंद्रावर तीन माणसं आहेत आणि सेशन पाचला बंद होतं, असं धरा. व्हायल उघडली तर सात डोस जाणार. एप्रिल-मे २०२१ मध्ये पुढचा पुरवठा परवा येईल की आठवड्याने, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब वरिष्ठांना रोज द्यावा लागे. सुरुवातीच्या नियोजनात १० टक्के नासाडी गृहीत होती. म्हणजे १०० माणसांसाठी १.११ ने गुणून १११ डोस, अर्थात १२ व्हायल मागवायच्या. पुढे नासाडी एक टक्क्याच्या आत ठेवा, असा तगादा सुरू झाला. दहा डोसांच्या व्हायलमध्ये एक टक्का म्हणजे दहा व्हायलमागे एकच डोस. संध्याकाळची शेवटची व्हायल अर्धी राहिली तरी हे गणित कोलमडतं.

त्यामुळे सेविकेने थांबायचं ठरवलं ते हिशेबाला धरून होतं. चुकलं ते व्यवस्थेचं. दुपारी दोननंतर येणाऱ्यांची नावं आणि फोन लिहून ठेवायचे, दहा झाले की बोलवायचं, आणि आशाताईंकडे जवळच्या वाडीतल्या आठ-दहा पात्र माणसांची राखीव यादी ठेवायची, एवढं केलं तर शेवटची व्हायल अर्ध्या तासात भरते. जिथे अशी यादी होती तिथे ‘उद्या या’ म्हणण्याची वेळ क्वचित आली. आणखी एक, साठा मुबलक झाल्यावरही काही ठिकाणी दहा माणसं जमेपर्यंत थांबायची सवय तशीच राहिली. ते आम्हाला पटत नाही. लस भरपूर असताना चार माणसांसाठीही व्हायल फोडावी. मजुरी बुडवून आलेला माणूस एकदा परत गेला की दुसऱ्यांदा येईलच असं नाही.

केरळने मिळालेल्या डोसांपेक्षा जास्त माणसांना लस दिली असं वाचलं होतं. हे कसं शक्य आहे? अर्धा-अर्धा डोस दिला का?
— निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

नाही, डोस पूर्णच होते. मे २०२१ च्या सुरुवातीला केरळने जाहीर केलेले आकडे असे : मिळालेले डोस ७३,३८,८०६ आणि दिलेले ७४,२६,१६४. व्हायल भरताना कंपनी थोडी लस जास्त घालते, कारण सुईत आणि रबरी बुचाखाली थोडी अडकून राहते. हात बसलेल्या परिचारिकेला त्या जादा लसीतून अकरावा पूर्ण डोस मिळतो.

हात बसलेला म्हणजे काय, तेही सांगतो. सरकारी लसीकरणात ०.५ मिलीची एडी सिरिंज वापरतात. ती एकदाच वापरता येते, दट्ट्या पुढे ढकलला की आत अडकतो. साध्या सिरिंजच्या सवयीने कुणी आधी हवा ओढून व्हायलमध्ये सोडायला गेलं की सिरिंज तिथेच बाद. म्हणून हवा न ओढता सुई सरळ बुचात घालायची, टोक लसीच्या पातळीखाली ठेवायचं आणि अर्ध्या मिलीच्या खुणेच्या किंचित पुढे ओढायचं. मग बुडबुडा वर आणून तेवढाच बाहेर काढायचा. घाईत बुडबुड्याबरोबर लसही उडते, आणि दहा माणसांत एक डोस तिथेच जातो.

अकराव्या डोसाच्या नादात दोन व्हायलींचा तळ मात्र कधीही एकत्र करायचा नाही. एकीत ०.३ आणि दुसरीत ०.२ उरलं तर दोन्ही टाकायचं. त्यात जंतुसंसर्गाचा धोका असतो, शिवाय पुढे कुणाला त्रास झाला तर कोणत्या बॅचची लस दिली होती, तेच सांगता येत नाही.

लस पुण्यातच बनत होती, मग पुणे जिल्ह्यातच केंद्रं बंद का ठेवावी लागली?
— गृहिणी, हडपसर

कारखाना शेजारी असला म्हणून लस शेजाऱ्याला आधी मिळत नाही. ३० एप्रिल २०२१ पर्यंत सगळी खरेदी केंद्र सरकारची होती. १ मेपासून निम्मी केंद्राची आणि निम्मी राज्यं व खासगी रुग्णालयांची झाली. २१ जूनपासून ७५ टक्के केंद्राकडे आणि २५ टक्के खासगीकडे. शिवाय बॅच तयार झाली की लगेच ट्रकवर चढत नाही, तिला आधी सरकारी प्रयोगशाळेची मंजुरी लागते. मे महिन्यात १८ ते ४४ वयोगट खुला झाला आणि साठा इतका कमी पडला, की ४५ वर्षांवरच्यांचे दुसरे डोस पूर्ण करायला महाराष्ट्राने तरुणांचं लसीकरण थांबवलं. आमच्या मते तो निर्णय बरोबर होता, फक्त आणखी आधी घ्यायला हवा होता.

मी नवीनच रुजू झाले आहे. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये (लस नेण्याच्या थंड डब्यात) आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट ठेवले तर लस जास्त वेळ थंड राहील ना? वरिष्ठ ताई ओरडल्या.
— आरोग्य सेविका, जि. पालघर

ताई बरोबर ओरडल्या. लस ‘थंड’ हवी, गोठलेली नको. मर्यादा २ ते ८ अंश सेल्सिअसची आहे आणि डीप फ्रीझरमधला पॅक उणे २० च्या आसपास असतो. त्याला टेकलेली व्हायल गोठू शकते. कोव्हॅक्सिनमध्ये अॅल्युमिनियमचं संयुग आहे. ते गोठलं की कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावर तळाशी बसतात. कोविशिल्डमध्ये ते नाही, तरी तीही गोठवायची नाहीच. उन्हाने लस खराब होईल ही भीती सगळ्यांना असते. गोठून खराब होईल हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि चूक नेमकी पहाटे कॅरियर भरायच्या घाईत होते.

करायचं ते असं. चारही आइसपॅक बाहेर काढून टेबलावर अंतर ठेवून मांडा. वर दव धरलं की एकेक उचलून कानाशी हलवा. आत पाणी हलल्याचा आवाज आला की पॅक ‘कंडिशन’ झाला. वेळ घड्याळावर ठरवू नका, डहाणूच्या मे महिन्यात आणि जव्हारच्या जानेवारीत ती एक नसते. मग पॅक पुसून चार बाजूंना उभे लावा, व्हायली झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून मध्ये ठेवा आणि झाकण घट्ट लावा. सेशनमध्ये एका वेळी एकच व्हायल बाहेर काढायची. कॅरियर उन्हात किंवा दुचाकीच्या तापलेल्या टाकीवर ठेवायचा नाही. पाण्याची बाटली, डबा, दुसरं औषध त्यात काहीही नको. संध्याकाळी न उघडलेल्या व्हायली त्याच दिवशी आयएलआरमध्ये, म्हणजे केंद्रातल्या लस ठेवायच्या फ्रीजमध्ये परत जायला हव्यात. त्यांच्यावर खूण करा, पुढच्या सेशनला त्या आधी वापरायच्या.

टेबलावर काय नसावं, हेही महत्त्वाचं आहे. ३१ जानेवारी २०२१ च्या पोलिओ मोहिमेत यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब दिले गेले होते. सॅनिटायझरची जागा दाराशी, लसीच्या टेबलावर नाही.

पहिल्या डोसनंतर २८ दिवसांनी बोलावलं होतं. गेलो तर म्हणाले ८४ दिवसांनी या. लस कमी पडली म्हणून अंतर वाढवलं, हे खरं ना?
— किराणा दुकानदार, जि. लातूर

अंतर दोनदा बदललं. कोविशिल्डसाठी आधी ४ ते ६ आठवडे होते, २२ मार्च २०२१ ला ४ ते ८ झाले आणि १३ मे ला १२ ते १६, म्हणजे किमान ८४ दिवस. त्यामागे शास्त्रीय आधार होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या विश्लेषणात दोन डोसांत १२ आठवडे किंवा जास्त अंतर असलेल्यांत परिणामकारकता ८१.३ टक्के दिसली, सहा आठवड्यांहून कमी अंतर असलेल्यांत ५५.१ टक्के.

पण तुमचा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. ते आकडे विषाणूचा डेल्टा प्रकार पसरण्याआधीचे होते आणि डेल्टापुढे एका डोसचं संरक्षण तोकडं पडत होतं. भारताने अंतर वाढवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ मे ला, ब्रिटनने पन्नाशीवरच्यांसाठी तेच अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं. लस एकच, निर्णय उलटे. हातात डोस कमी असताना जास्त लोकांना निदान पहिला डोस द्यायचा, हा विचारही साथीच्या धोरणात चुकीचा नसतो. तो लोकांना उघड सांगितला असता तर तुम्हाला पत्र लिहावं लागलं नसतं. कोव्हॅक्सिनचं अंतर २८ दिवसच राहिलं, त्यामुळे एकाच घरात नवऱ्याला महिन्याने आणि बायकोला तीन महिन्यांनी, असा घोळही झाला.

आमच्या टोळ्या दसऱ्यानंतर कारखान्यावर जातात. गावात पहिला डोस होतो, दुसरा कुठे घ्यायचा? माझ्या टोळीत काहींची दोन-दोन ‘पहिल्या डोसची’ सर्टिफिकेटं निघाली.
— ऊसतोड मुकादम, जि. बीड

२०२१ च्या ऑक्टोबरात राज्याची ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरण मोहीम झाली, त्यात १० तारखेला डोस घेतला असेल तर ८४ वा दिवस २ जानेवारीला येतो. तेव्हा टोळी फडावर असते. दुसरा डोस देशात कुठेही घेता येत होता, अट एवढीच की नोंदणी त्याच मोबाईल क्रमांकाने आणि त्याच ओळखपत्राने निघायला हवी. दोन सर्टिफिकेटं होतात ती इथेच. पहिल्या वेळी गावातल्या कुणाचा तरी फोन दिलेला असतो, ओळखपत्र आधार असतं. कारखान्यावर मुकादमाचा फोन आणि मतदार कार्ड दिलं जातं. को-विनच्या, म्हणजे लसीच्या सरकारी नोंदणी प्रणालीच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. त्यातही सुरुवातीला एका क्रमांकावर चारच जणांची नोंद होत असे, जानेवारी २०२२ पासून सहा. म्हणजे पंधरा कोयत्यांच्या टोळीला, तीस माणसांना, एक फोन कधीच पुरत नाही.

पुन्हा अशी वेळ आली तर मुकादमानेच निघण्यापूर्वी एक वही करावी : नाव, नोंदवलेला मोबाईल, ओळखपत्राचे शेवटचे चार आकडे, कोणती लस, तारीख. तिची एक प्रत कारखान्याच्या शेतकी विभागाकडे आणि एक तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावी. सेशनची वेळ आरोग्य केंद्राने बदलायला हवी. तोडीला माणसं पहाटे निघतात, दहाच्या सेशनला कोप्यांवर फक्त म्हातारी आणि लेकरं सापडतात. संध्याकाळी पाचनंतर गेलं तर टोळी भेटते.

लस घेतल्यावर अर्धा तास बसवून का ठेवतात? आमच्या शाळेत केंद्र होतं, बसायला जागाच नव्हती. एक मुलगी चक्कर येऊन पडली आणि पळापळ झाली.
— मुख्याध्यापिका, जि. अमरावती

तीव्र अॅलर्जीची प्रतिक्रिया फार दुर्मीळ असते, पण ती झालीच तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासात होते. म्हणून ३० मिनिटं.

जागेचं गणित आधीच करता येतं. मूळ आखणी एका पथकाने दिवसाला १०० जणांना लस द्यायची होती. आठ तासांत १०० म्हणजे तासाला साडेबारा, निरीक्षणाला एका वेळी सहा-सात जण. तेवढ्याला एक वर्ग पुरतो. तुमच्याकडे ३०० झाले असतील तर एका वेळी १९-२० जण बसलेले असणार. सहा-सहा फूट अंतराने प्रत्येकाला ३६ चौरस फूट, म्हणजे सातशे चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. वर्गाबरोबर व्हरांडा घ्यायलाच हवा. सकाळी दहाला झुंबड उडते, त्यासाठी वाडीवार वेळा दिल्या तर निम्मा ताण कमी होतो.

चक्कर आणि अॅलर्जी यातला फरक शिक्षकांनाही माहीत असावा. भीतीने येणारी घेरी सुई टोचताना किंवा लगेच नंतर येते. चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो, नाडी मंद होते. आडवं करून पाय उंच केले की माणूस थोड्या वेळात सावरतो. अॅलर्जीत अंगावर गांध्या उठतात, ओठ-डोळे सुजतात, श्वासाला घरघर लागते, नाडी वेगात पण क्षीण लागते आणि आडवं करून बरं वाटत नाही. तेव्हा वेळ घालवायचा नाही. प्रशिक्षित कर्मचाऱ्याने आपत्कालीन औषधांच्या किटमधलं अॅड्रिनॅलिन (१:१०००) मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं, प्रौढाला अर्धा मिली, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. किटमधल्या अॅम्प्युलची मुदत सेशन सुरू होण्यापूर्वी वाचायची असते, गरज पडल्यावर नव्हे. कॉलेजच्या वयातल्या मुलींत एक पडली की दुसरीलाही घेरी येते, म्हणून टोचण्याची जागा रांगेला दिसणार नाही अशी ठेवा आणि उपाशी आलेल्यांना आधी काही खायला द्या.

माझे सासरे अंथरुणाला खिळून होते. घरी येऊन लस द्यायला एवढा उशीर का लागला?
— वाचक, डोंबिवली

केंद्र सरकारने घरोघरच्या लसीकरणाला सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंत परवानगी दिली नव्हती. त्याआधी मे महिन्यात ‘घराजवळचं केंद्र’ एवढंच मान्य झालं होतं. मुंबईत उच्च न्यायालयात याचिका चालली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला महापालिकेने घरी जाऊन लस द्यायला सुरुवात केली.

अडचण पुन्हा व्हायलचीच. एका घरी पोचायला वीस मिनिटं, तपासणी आणि टोचायला दहा, निरीक्षणाला तीस. तासाला एक घर, चार तासांत चार डोस, सहा वाया. यातून वाट दोन प्रकारे निघते. पहिली म्हणजे, पथकात दोन प्रशिक्षित माणसं जास्त घ्यायची. एकजण किटसह या घरी थांबतो, बाकीचे पुढच्या घरी जातात. दुसरी म्हणजे, त्याच व्हायलमधून रुग्णाची शुश्रूषा करणारी सून, शेजारची म्हातारी अशा पात्र माणसांना लस द्यायची. एका इमारतीत दोन रुग्ण आणि त्यांच्या घरचे मिळून आठ-नऊ सहज होतात. डॉक्टरांचा दाखला, आधीचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे सगळं आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यायला हवं. दारात उभं राहून कागद शोधले की अर्धा तास गेलाच.

आमच्या पाड्यावर लोक लस घेत नव्हते. शेवटी रेशन बंद करण्याची धमकी द्यावी लागली. दुसरा मार्ग होता का?
— ग्रामपंचायत सदस्य, जि. नंदुरबार

धमकी कायद्यातही बसत नव्हती. औरंगाबाद जिल्ह्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये रेशन, गॅस आणि पेट्रोलसाठी लसीचं प्रमाणपत्र मागणारा आदेश निघाला होता, त्याने रांगा वाढल्या हे खरं. पण २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, असं स्पष्ट केलं. धान्य अडवून दिलेल्या लसीमुळे पुढच्या वेळी त्याच पाड्यावर गोवराची लस घेऊन जाणाऱ्या सेविकेला दार बंद मिळतं, हा हिशेब आदेश काढणाऱ्याच्या कागदावर नसतो.

नकाराला सरसकट ‘अफवा’ म्हणू नका. लसीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येते. रोजंदारीवरच्या नवरा-बायकोने एकाच दिवशी लस घेतली तर दोघांची मजुरी बुडते. म्हणून सेशन आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ठेवा. एका घरातल्या दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलवा. ताप येईल हे आधीच सांगा आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या हातात द्या, चिठ्ठी नको. बोलणारं माणूस पावरी किंवा भिली बोलणारंच हवं. आणि लसीनंतर आठवड्याभरात गावात कुणी गेलं, कारण कोणतंही असो, तर दुसऱ्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याने त्या घरी जाऊन बसावं. तिथे उशीर झाला की पुढचे दोन महिने तो पाडा हातचा जातो.

दुसरा डोस घेतलाच नाही, तरी ‘यशस्वीरीत्या दिला’ असा मेसेज आला. आणि एका शिबिरात पैसे भरून लस घेतली त्यांना मेसेजच नाही.
— वाचक, बोरिवली

पहिल्या प्रकारात बहुधा एकाच क्रमांकावरच्या घरच्यांपैकी चुकीचं नाव निवडलं गेलं, किंवा दिवसभराचं रजिस्टर रात्री घाईने भरलं गेलं. जानेवारी २०२२ मध्ये को-विनवर ‘रेज अॅन इश्यू’खाली चुकीची नोंद मागे घेण्याची सोय आली. दुरुस्ती व्हायला तीन ते सात दिवस लागत. दुसरा प्रकार गंभीर आहे. ३० मे २०२१ ला कांदिवलीच्या एका गृहसंकुलात सुमारे ३९० जणांना बनावट शिबिरात टोचण्यात आलं. जागेवर नोंदणी नाही, मेसेज नाही आणि नंतर वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची सर्टिफिकेटं, ही त्याची लक्षणं होती. शिबिर ठरवताना सोसायटीने संबंधित रुग्णालयाला स्वतः फोन करावा. टोचण्याआधी व्हायलचा बॅच क्रमांक पाहायला मागावा, दाखवत नसतील तर दंड पुढे करू नये.

लसीकरणानंतर शाळेच्या मागे पोरांना रिकाम्या बाटल्या सापडल्या. कुणाला सांगायचं?
— पालक, जि. सोलापूर

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, लेखी, त्याच दिवशी. हात लावू नका, जागेचा फोटो काढा. टोचल्याबरोबर सुई हब कटरने कापायची, तुकडे त्याच्या बंद डब्यात राहतात. सिरिंजचं प्लास्टिक आणि न फुटलेल्या व्हायली लाल पिशवीत, वेष्टणं आणि सुईची टोपणं काळ्या पिशवीत. लाल पिशवी आणि हब कटर शाळेत ठेवायचे नसतात, कॅरियरबरोबर केंद्रात परत जातात. रिकाम्या व्हायली बाहेर पडल्या की त्यांत पाणी भरून विकणाराही निघतो. म्हणून संध्याकाळी मोजणी हवी : बारा व्हायली नेल्या असतील तर भरलेल्या आणि रिकाम्या मिळून बारा परत आल्या पाहिजेत आणि तो आकडा रजिस्टरवर सहीसह दिसला पाहिजे. तुमच्या अर्जात त्या तारखेचं रजिस्टर पाहायला मागा.